भाडे, दंड आणि हिशेब : बी.डी.डी. चाळींच्या पहिल्या पर्वाविषयी

मुंबईत ‘बी.डी.डी.’ ही तीन अक्षरे उलगडून सांगावी लागत नाहीत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर वीस खोल्या, मध्ये बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना दारे. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. या चाळींतल्या कामगारजीवनावर, तिथल्या गणेशोत्सवांवर, क्रीडामंडळांवर आणि चळवळींवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. मात्र या चाळी बांधणाऱ्या खात्याचा हिशेब कोणी आणि कसा मागितला, ही गोष्ट त्या मानाने मागे राहिली. सरकार स्वतःच घरमालक होते तेव्हा वाईट घराबद्दल ते कोणाला उत्तर देते, हा प्रश्न या चाळींच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत फार ठळकपणे उभा राहिला होता.

मागची हकिकत थोडक्यात अशी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. दाटीवाटीची, उजेड-वारा नसलेली वस्ती हे रोगाचे घर आहे असे ठरले आणि १८९८ मध्ये कायद्याने ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, जुनी वस्ती पाडली, काही चाळीही बांधल्या. पण पाडलेल्या घरांतून उठलेली माणसे शेजारच्या घरांत दाटली आणि दाटी गेली नाही, फक्त सरकली. पहिल्या महायुद्धात गिरण्या तेजीत आल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली, भाडी चढली. १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने शहर पोळले आणि १९१९ च्या जानेवारीत गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. कामगारांचे राहणे हा आता सरकारच्या दृष्टीने शांततेचाही प्रश्न झाला होता.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ उभे केले ते या वातावरणात. संचालकपदी सर लॉलेस हेपर आले. नव्या खात्याच्या डोक्यावर दोन मोठी कामे होती. एक, बॅकबेचा समुद्र हटवून १,१४५ एकर जमीन तयार करणे. दुसरे, कामगारांसाठी आठ वर्षांत ५०,००० एकखणी घरे बांधणे. पैसा कर्जातून उभा करायचा, आणि घरांची तूट भरून काढण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया जकात घ्यायची. कापसावर श्रीमंत झालेल्या शहराने कापसात राबणाऱ्यांच्या घराला हातभार लावावा, ही कल्पना वाईट नव्हती.

प्रत्यक्षात ५०,००० पैकी सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. ज्या झाल्या त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. इमारती सिमेंट काँक्रीटच्या, त्या काळाच्या मानाने नव्या तंत्राच्या आणि मजबूत. पण खोलीला सुरुवातीला नेहमीसारखी खिडकी नव्हती. तिच्या जागी काँक्रीटच्या कायमच्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्या उघडता येत नव्हत्या आणि मिटताही येत नव्हत्या. उजेड अडायचा आणि पावसाळ्यात समुद्राकडून येणारी झड मात्र आत यायची. खासगी चाळीची गॅलरी कितीही मोडकी असली तरी तिथे बसता येई, लुगडे वाळत घालता येई, पोरावर नजर ठेवता येई. इथे गॅलरीऐवजी अंधारा बोळ होता. अर्थशास्त्राचे अभ्यासक ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील मजूर आणि घरे यांवरील पुस्तक १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले, त्यात या नव्या सरकारी चाळींतील उजेडाची तक्रार नोंदलेली आहे. म्हणजे दोष कळायला काही दशके लागली नाहीत; इमारती नव्या असतानाच तो छापून आलेला होता.

लोकांनीही आपले मत दिले. ते कागदावर नव्हे, पायांनी दिले. घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात वरळीच्या खोल्या मोठ्या संख्येने रिकाम्या पडून राहिल्या. गिरणी लांब, बाजार लांब. उधारीवर जिन्नस देणारा ओळखीचा वाणी तिथे नाही, गाववाल्यांची खानावळ नाही. परळ-लालबागच्या कोंदट चाळीत दहा माणसांत राहणारा कामगार एका दृष्टीने तिथे सुरक्षित होता. संपात किंवा आजारपणात त्याला हात देणारी माणसे त्याच जिन्यावर होती. सरकारने खोली मोजली चौरस फुटांत, कामगाराने मोजली ती या नात्यांत.

या आकड्यांच्या तळाशी मुले होती. १९२१ च्या मुंबईत एकखणी घरांत जन्मलेल्या बालकांचा मृत्युदर हजारी ८२८ असा नोंदला गेला. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, म्हणून जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत होई. शहरातल्या कित्येक जन्मांची नोंदच होत नसे. त्यामुळे दर फुगलेला आहे. तरीही घरातल्या खोल्यांची संख्या वाढते तसा बालमृत्यू झपाट्याने उतरतो, हे त्याच तक्त्यातून दिसत होते. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीकामगार बायकांची पाहणी केली. या बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांच्या पाहणीत निघाले. आई दिवसभर साच्यावर, घर म्हणजे एक खोली, सांभाळायला कोणी नाही. मग मूल निजून राहावे म्हणून बाळगोळी. याला केवळ आईचे अज्ञान म्हणणे सोपे होते. खोली, पगार आणि कामाचे तास यांचा तो एकत्रित परिणाम होता.

पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्या विधेयकावर १९२८ मध्ये कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मुद्दा मांडला होता, तो आपल्या विषयाशी थेट भिडणारा आहे. लोकांचे हित राखणे हे मुळात सरकारचे काम आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, म्हणून त्याची जबाबदारीही सुटत नाही, असा त्यांचा विचार होता. बाबासाहेब स्वतः त्या काळात परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहत होते. कायदा झाला तेव्हा लाभ देण्याचे बंधन गिरणीमालकावर पडले, आणि ते योग्यच होते. मात्र भाडे घेणाऱ्या सरकारवर खोलीच्या उजेडाबद्दल तसेच बंधन घालणारा कायदा कोणी केला नाही. जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची तेव्हा कलमे लिहिता येतात; स्वतःवर घ्यायची तेव्हा सदिच्छेवर भागवले जाते.

हिशेब मागणारा एक माणूस मात्र निघाला. वकील खुर्शेद नरिमन स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात होते. त्यांचा रोख मुख्यतः बॅकबेच्या भरावावर होता. तिथे खर्च अंदाजाबाहेर गेला होता आणि ड्रेजरने टाकलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात झिरपत होता. लोकांनी या योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ असे नावच पाडले. नरिमन यांनी प्रश्न विचारले, कागद मागितले, अधिकाऱ्यांवर उघड आरोप केले. अखेर १९२६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिचे एक सदस्य होते. योजना आकसली, आठांपैकी १, २, ७ आणि ८ एवढेच भाग पुरे करायचे ठरले.

पण कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढावी लागली ती प्रश्न विचारणाऱ्याला. खात्यातील हार्वे या इंजिनिअरने नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली. नरिमन आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि निर्दोष सुटले. मुंबईत त्या निकालाचा जल्लोष झाला, पण निकालाचा अर्थ मर्यादित होता. आरोप करणारा गुन्हेगार नाही, एवढेच त्यातून ठरले. ज्यांच्यासाठी खाते निघाले होते त्या भाडेकरूंच्या वाट्याला त्यातून काही आले नाही. शिवाय सगळी चर्चा समुद्राच्या भरावाभोवती फिरली. वरळीची अंधारी खोली तिच्या सावलीत राहिली. जमिनीत बुडालेला पैसा सगळ्यांना दिसतो, खोलीत कोंडलेली हवा फक्त आत राहणाऱ्याला कळते.

१९३० साल उजाडले आणि या चाळींना अनपेक्षित भाडेकरू मिळाले. मिठाच्या सत्याग्रहात अटका इतक्या झाल्या की तुरुंग पुरेनात. सरकारने वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग उघडला. कामगारांना घर म्हणून पटल्या नव्हत्या त्या खोल्या कोठड्या म्हणून लगेच चालून गेल्या. तिथे आलेल्यांत मोठा भरणा तरुणांचा होता.

१९३२ मध्ये चळवळ पुन्हा पेटली तेव्हा कैदेबरोबर दंडाचे हत्यार जोरात वापरले गेले. दंड भरला नाही तर घरातल्या वस्तूंची जप्ती. त्या वर्षीच्या वटहुकुमात एक तरतूद अशी होती की, सोळा वर्षांखालील मुलाला दंड झाला तर तो आईबापाने किंवा पालकाने भरावा, असा हुकूम कोर्टाला देता येई. मुलाच्या वागण्याला आईबाप जबाबदार, हे सरकारने इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिले. ज्या खोलीत ते मूल वाढले तिच्या वागणुकीला कोण जबाबदार, हे मात्र कोणत्याच वटहुकुमात आले नाही. दंडाची पावती नेहमी खालच्या बाजूला फाडली जाते, वरच्या बाजूला जातो तो अहवाल. त्या दहा वर्षांच्या कागदपत्रांतून निघणारा मुख्य निष्कर्ष हाच आहे.

पुढे चाळी भरल्या. काँक्रीटच्या पट्ट्यांच्या जागी खिडक्या आल्या. कोकणातले, घाटावरचे, मोठ्या संख्येने दलित कुटुंबांतले कामगार आणि पोलीस शिपाई शेजारी शेजारी राहू लागले. सरकारने दिले नव्हते ते रहिवाशांनी स्वतः उभे केले: मंडळे, वाचनालये, आखाडे, जयंत्या, उत्सव. पण दोन पिढ्यांनंतरही खोली १६० चौरस फुटांचीच होती आणि त्यात वाढलेली तरुण मुले बोळात, गच्चीत, मैदानात राहत होती. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली आणि लोण नायगावपर्यंत गेले. चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला गेला. १९७६ मध्ये त्याचा अहवाल आला. मिअर्स समितीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी आणखी एक अहवाल फडताळात जमा झाला. जातीय अत्याचार आणि पोलिसांचे वर्तन ही त्या दंगलीची थेट कारणे होती; घर हे एकच कारण म्हणणे चुकीचे ठरेल. पण अपुऱ्या खोल्यांतून रस्त्यावर आलेल्या तरुणांकडे सरकारचे लक्ष जाते ते दगड पडल्यावरच, हा क्रम काही बदलला नाही.

आता या चाळी जात आहेत. म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू आहे. रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळायची आहेत आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. मोठे, हवेशीर घर मिळाले याचा आनंद शंभर वर्षे १६० फुटांत काढलेल्यांना झाला, तर तो त्यांच्या हक्काचाच आहे.

तरी इतिहास वाचणाऱ्याने एक प्रश्न जागा ठेवावा. १९२० ची योजनाही उदार शब्दांत सुरू झाली होती, तिलाही नवे तंत्र होते, तिच्याही आकड्यांचे कौतुक झाले होते. घर निकृष्ट निघाले तर दाद कोणाकडे मागायची, किती दिवसांत ती मिळेल आणि चूक करणाऱ्याला तिची काय किंमत मोजावी लागेल, एवढे तिच्यात लिहिलेले नव्हते. नव्या मनोऱ्यांची लिफ्ट बंद पडेल, भिंतीला ओल येईल, तेव्हा हेच तीन प्रश्न पुन्हा उभे राहतील. किल्लीबरोबर त्यांची उत्तरेही लेखी हातात असणे, हे भाडेकरूला या शंभर वर्षांचे देणे आहे.