पाताळातील छत आणि त्याची कसोटी

ईयोबच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणकामगाराचे एक विलक्षण चित्र रेखाटले आहे. मनुष्यवस्तीपासून दूर, अंधाराला भेदून, पर्वतांच्या मुळाशी हात घालणारा हा माणूस सोने-रुपे कोठे सापडते हे जाणतो. परंतु ज्ञान कोठे सापडते, असा प्रश्न ग्रंथकार अखेरीस उपस्थित करतो. खोल खाणींचा इतिहास वाचताना या प्रश्नाची वारंवार आठवण होते. सोने शोधण्याची विद्या माणसाला लवकर साधली. डोक्यावरचे छत सावरून धरण्याची विद्या मात्र फार सावकाश हाती आली, आणि तिची किंमत बहुतेक वेळा ज्यांचा त्या सोन्यात वाटा नव्हता त्यांनीच मोजली.

आपल्या देशात या इतिहासाचे मोठे प्रकरण कोलारच्या सुवर्णक्षेत्रात घडले. मायकेल लॅव्हेल या आयरिश निवृत्त सैनिकाने १८७०च्या दशकात म्हैसूर संस्थानाकडून तेथे खोदाईचा परवाना मिळवला. १८८० साली लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी तेथे उतरली आणि तामिळ व तेलुगू मुलखांतील हजारो गरीब कुटुंबे मजुरीसाठी येऊन वसली. सोन्याच्या शिरेचा माग काढीत चॅम्पियन रीफ ही खाण पुढे सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली. तेथे मूळ खडकाचे तापमान साठ अंशांहून अधिक असे. दर चौरस मीटरवर वरच्या खडकाचा भार आठ हजार टनांहून अधिक होता. उष्णतेवर थंड हवेचा उतारा होता. या भारावर सोपा उतारा नव्हता.

१८९८ साली तेथील ऊरगाव खाणीत खडक अकस्मात फुटल्याची पहिली नोंद झाली. खडक फुटताना हवेचा जबरदस्त झोत येई, म्हणून कामगार व अधिकारी या घटनेला ‘एअर ब्लास्ट’ म्हणत. वस्तुतः दोष हवेचा नव्हता. प्रचंड भाराखाली कठीण खडक ताणलेल्या धनुष्यासारखी शक्ती साठवतो. खोदाईने त्याचा आधार काढून घेतला की ती शक्ती एका क्षणात मोकळी होते. मऊ खडक वाकतो, कठीण खडक फुटतो. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. खडकाच्या पोटात शिरणाऱ्या माणसाला मात्र वेगळ्या शहाणपणाची गरज होती.

आरंभी खाणीत लाकडी धिरे होते. लाकूड मोडण्यापूर्वी करकरते, म्हणून जुन्या कामगारांचा त्यावर विश्वास असे. छताची परीक्षा म्हणजे लोखंडी पहारीने ठोकून पाहणे. खणखणीत नाद आला तर खडक एकसंध, बद्द आवाज आला तर आत पोकळी. ही परीक्षा आजही टाकाऊ ठरलेली नाही. पण ती सुटलेला दगड ओळखते, दूरवर साठलेली शक्ती ओळखत नाही. कोलारमध्ये लाकडानंतर ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या भिंती, पोलादी आधार आणि पुढे काँक्रीटची भरणी असा क्रम लागला. दबणाऱ्या भरणीपेक्षा न दबणारी भरणी मोकळ्या जागेला मिटू देत नाही आणि खडकात शक्ती कमी साठते, हा धडा त्यातून मिळाला. १९७८ साली मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे भूकंपमापकांचे जाळे उभारण्यास हातभार लावला. खडक कोठे कुरकुरतो हे त्यातून कळू लागले.

पण फुटलेला खडक अंगावर येऊ नये यासाठी लागणारा आधार निराळा असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून छताला भोक पाडून त्यात पोलादी कांब घट्ट बसवण्याची, म्हणजे रूफ बोल्टची, पद्धत जगभर पसरली. नागपूर-चंद्रपूरकडील भूमिगत कोळसा खाणींतही ती रूढ आहे. बोल्टची कसोटी साधी आहे. त्याच्या बाहेरच्या टोकाला हायड्रॉलिक जॅक लावून तो ओढतात आणि किती टनांवर किती मिलिमीटर सरकला याची नोंद करतात. ही कसोटी स्थिर भाराची होय. खडक फुटतो तेव्हा मात्र भार धक्क्याने येतो.

दक्षिण आफ्रिकेतील सुवर्णखाणींच्या आखणीत खडक सेकंदाला तीन मीटर वेगाने बाहेर फेकला जातो असे गृहीत धरले गेले. एक मीटर जाडीच्या थराचा चौरस मीटरभर तुकडा सुमारे २.७ टनांचा असतो. या वेगाने तो निघाला तर त्याची गतिज ऊर्जा बारा किलोज्यूलच्या घरात जाते. ताठ बोल्ट अशा वेळी तटकन तुटतो. म्हणून तेथे शंकूच्या आकाराचे टोक असलेला बोल्ट तयार झाला. धक्का बसताच त्याचे टोक भोवतालच्या सिमेंटमधून घासत सरकते आणि ऊर्जा पचवते. त्याची परीक्षा प्रयोगशाळेत होते. पोलादी नळीत बोल्ट सिमेंटने बसवून त्यावर उंचावरून वजन सोडतात. दोन टनांचे वजन दीड मीटरवरून सोडले, तर सुमारे तीस किलोज्यूलचा आघात होतो. बोल्ट तुटला तर लोखंड वाया जाते, माणूस नव्हे.

हा फरक उमजायला किती काळ गेला! २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रूक कोळसा खाणीचे खांब ढासळले आणि चारशे तीसहून अधिक कामगार कायमचे गाडले गेले. त्यानंतर सॅलॅमन व मन्रो या संशोधकांनी टिकलेल्या ९८ आणि ढासळलेल्या २७ ठिकाणच्या खांबांचा अभ्यास करून १९६७ साली खांबाच्या बळाचे सूत्र मांडले. १९९५ साली लिऑन आयोगाने नोंदवले की १९०० ते १९९३ या काळात त्या देशाच्या खाणींत ६९ हजारांहून अधिक माणसे अपघातांत दगावली. १९९६ साली नवा सुरक्षा कायदा झाला. २०२४ साली तेथील खाणअपघातांतील मृत्यू ४२ वर आले. शून्य अजून दूर आहे, पण धोका अटळ असल्याची जुनी सबब खोटी ठरली.

कोलारला पहिली नोंद झाली त्याच्या सातच वर्षे आधी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र प्रसृत केले. पृथ्वीच्या पोटातून धातू, कोळसा व दगड काढणाऱ्यांचे श्रम अधिक कष्टाचे व प्रकृतीला घातक असल्याने त्यांचे कामाचे तास त्या मानाने कमी असावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ख्रिस्तसभेने खाणकामगारांना संत बार्बरेच्या छायेत ठेवले आहे; ४ डिसेंबरला तिचा सण असतो. आकस्मिक मरणापासून राखण्यासाठी भाविक तिचा धावा करतात.

कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. चॅम्पियन रीफचे विजयमातेचे मंदिर उभे आहे. तेथे १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्थेचे ज्ञान आज देशातील बोगद्यांना व धरणांना उपयोगी पडते. प्रार्थना आणि परीक्षा यांत विरोध नाही. छताखाली पाठवल्या जाणाऱ्या माणसाचे मोल जाणणारा मनुष्य त्याच्यासाठी देवाकडे मागणे मागतो, आणि त्याला पाठवण्यापूर्वी बोल्टही ओढून पाहतो.