दिवसाला दोन मिनिटं

कंपनीचा इतिहास लिहायला बसलं की आधी वहीखाती शोधतात. स्मॉलफिल्म्स या ब्रिटिश कंपनीच्या बाबतीत वह्यांपेक्षा वस्तूच जास्त बोलतात. विणलेल्या बाहुल्या, रंगवलेली पुठ्ठ्याची चित्रं, संहिता आणि १६ मिलिमीटरच्या फिती टिकल्या आहेत. प्रक्षेपणाच्या तारखा छापील आहेत. शिवाय ऑलिव्हर पोस्टगेट यांचं ‘सीइंग थिंग्ज’ हे आत्मचरित्र आहे. पण ते २००० सालचं, म्हणजे सुरुवातीच्या घटनांनंतर चाळीसेक वर्षांनी आलेलं. म्हणून त्यातला स्वभाव जसाच्या तसा घ्यावा, तारखा मात्र ताडून घ्याव्यात.

१९५७ साली पोस्टगेट लंडनच्या असोसिएटेड-रिडिफ्युजन या व्यापारी वाहिनीत स्टेज मॅनेजर होते. तिथली मुलांची नाटुकली त्यांना फारशी पटेनात, म्हणून त्यांनी स्वतःच एका उंदराची गोष्ट लिहिली. पात्रं चुंबकांनी सरकवायची आणि तीही थेट प्रक्षेपणात. चित्रांसाठी त्यांनी सेंट्रल स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या पीटर फर्मिन यांना गाठलं. पोस्टगेट यांच्या आठवणीप्रमाणे असे सुमारे २६ भाग झाले आणि चुंबकांनी भरपूर छळलं. पुढची मालिका फिल्मवर करायची ठरली, भागामागे १७५ पौंडांत.

ही रक्कम लक्षात ठेवावी, कारण पुढचं बरंचसं तिच्यातून निघतं. पोस्टगेट यांनी झोपायच्या खोलीत चित्रीकरणाचं टेबल मांडलं आणि एक चिनी कथा घेतली. ती कर्णबधिर मुलांसाठी होती, त्यामुळे ध्वनिफीत लागणार नव्हती आणि तेवढा खर्च वाचला. पार्श्वचित्रं काढणारा चित्रकार मात्र अस्सल चिनी परंपरेत शिकलेला. त्याने दृश्यं तिरक्या कोनातून रंगवली आणि त्यांवर सपाट पात्रं ठेवल्यावर प्रत्येकाचा एक पाय आखूड दिसू लागला! तरीही मालिका चालली आणि तिच्या जोरावर पोस्टगेट-फर्मिन यांनी स्वतःची कंपनी काढली.

कंपनीचा पत्ता म्हणजे केंट परगण्यात कँटरबरीजवळच्या ब्लीन गावातलं फर्मिन यांचं शेत. तिथल्या वापरात नसलेल्या गोठ्यात काम चाले असं कुठे लिहिलेलं सापडतं, कुठे डुकरांच्या खोपटाचा उल्लेख येतो. जनावर कोणतंही धरा, स्टुडिओचं भाडं वाचलं हे खरं. फर्मिन चित्रं आणि बाहुल्या करत. लिहिणं, कॅमेरा, पात्रं हलवणं आणि निवेदन हे सगळं पोस्टगेट यांच्याकडे. एका हाताने पात्र तसूभर सरकवायचं, दुसऱ्या हाताने घरीच जुळवलेला क्लिकर दाबून एक चौकट टिपायची. असं करत दिवसाला दोन मिनिटांची फिल्म तयार होई. दूरचित्रवाणीच्या हिशेबात दोन मिनिटं म्हणजे ३००० चौकटी. मोठे स्टुडिओ या वेगाच्या जवळपासही नव्हते. अर्थात या वेगात नजाकत कमी पडते, हे फिती पाहताना लपत नाही. पात्रं फार हलत नाहीत आणि खरं काम पोस्टगेट यांचा आवाज करतो.

१९५९ या एकाच वर्षी त्यांचं ‘आयव्हर द इंजिन’ व्यापारी वाहिनीवर आलं आणि ‘नॉगिन द नॉग’ बीबीसीवर. एकाच गोठ्यातला माल दोन प्रतिस्पर्ध्यांच्या दुकानात! कंपनी कोणाची बांधील नव्हती, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

‘क्लँगर्स’ या त्यांच्या अंतराळातल्या प्राण्यांच्या मालिकेबद्दल एक समज पक्का बसला आहे : माणूस चंद्रावर उतरला आणि त्यावरून ही मालिका सुचली. तारखा वरवर जुळतात. चांद्रविजय जुलै १९६९ चा, मालिकेचा पहिला भाग १६ नोव्हेंबर १९६९ चा. पण नॉगिनच्या १९६७ सालच्या एका पुस्तकात हाच प्राणी ‘मूनमाउस’ या नावाने आधीच भेटतो. त्याला शेपटी होती. ती सूपमध्ये बुडते म्हणून क्लँगरची काढून टाकली, असा पोस्टगेट यांचा खुलासा आहे. फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी हे प्राणी गुलाबी लोकरीत विणले.

क्लँगर शिट्ट्यांत बोलतात. पण संहितेत त्यांचे संवाद सरळ इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत लिहिलेले आहेत. ती वाक्यं समोर ठेवून दट्ट्या सरकवायच्या शिट्टीवर चढउतारांसह वाजवली जात. एका ठिकाणी दार अडकतं आणि क्लँगर चक्क शिवी हासडतो. मुलांच्या कार्यक्रमात हे चालणार नाही, असं बीबीसीचं म्हणणं पडलं. ऐकू तर फक्त शिट्टी येते, असं पोस्टगेट यांनी सांगून पाहिलं. लोकांना कळेल, असं उत्तर मिळालं. हा किस्सा पोस्टगेट यांनीच सांगितलेला, तेव्हा थोडं तिखटमीठ धरून घ्यावा.

ऑक्टोबर १९७४ च्या ब्रिटिश निवडणुकीच्या दिवशी याच क्लँगरांचा पक्षीय राजकारणावरचा एक खास भागही लागला. पोस्टगेट हे मजूर पक्षाचे एके काळचे नेते जॉर्ज लॅन्सबरी यांचे नातू, हे इथे आठवतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘बॅगपस’ आलं. जुन्या कापडी बोक्याची ही मालिका फक्त १३ भागांची. बोका नारिंगी पट्ट्यांचा व्हायचा होता. कापड रंगवताना घोटाळा झाला आणि पट्टे गुलाबी निघाले. फर्मिन यांनी तेच कापड वापरलं. बीबीसी ते १३ भाग पुढे कित्येक वर्षं पुन:पुन्हा दाखवत राहिली आणि १९९९ च्या बीबीसीच्या जनमत चाचणीत मुलांचा सर्वांत आवडता कार्यक्रम म्हणून याच बोक्याचं नाव आलं.

बीबीसीशी व्यवहार कसा चाले, हेही पोस्टगेट यांनी सांगितलं आहे. वर्षातून एकदा जाऊन झालेलं काम दाखवायचं, पुढची कल्पना तोंडी सांगायची, शाबासकी आणि थोडी उचल घेऊन परत यायचं. मधल्या काळात गोठ्यात कोणी डोकावत नसे. माझ्या मते १७५ पौंडांची ही दुसरी बाजू : इतक्या स्वस्त मालावर देखरेख ठेवणं कोणालाच परवडत नाही. १९८० च्या दशकात वाहिन्यांची रीत बदलली. १९८६ चं ‘पिनीज हाउस’ ही कंपनीची शेवटची मालिका ठरली.

१९८७ मध्ये केंट विद्यापीठाने पोस्टगेट यांना मानद पदवी दिली. ही खरं तर बॅगपससाठीच आहे, असं ते म्हणाले. पुढे तो बोका पदवीदानाचा झगा घालून प्रदर्शनात बसला.