फुटबॉलमधील समूहघोष : पेठेची तालीम आणि यात्रेचा फड

फुटबॉल भारतात रुजला तो ब्रिटिश लष्कराच्या द्वारे. १८८८ मध्ये ड्युरँड चषकाची व १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. खेळाबरोबर प्रेक्षकांचा समूहघोषही परदेशातूनच आला असावा, असा समज सहज होतो. महाराष्ट्रातील पुरावा मात्र या समजास अनुकूल नाही.

इंग्लंडमध्ये प्रेक्षकांच्या गायनास प्रार्थनामंदिर व लोकरंजनाची रंगभूमी यांची पार्श्वभूमी होती. १९२७ पासून एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी एक ख्रिस्ती प्रार्थनागीत गाण्याचा प्रघात पडला. १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकन संगीतिकेतील एक गीत १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केले आणि तेथील प्रेक्षकांनी ते आपलेसे केले. सर्वांस मुखोद्गत असलेली चाल ही या गायनाची पूर्वअट होय.

कोल्हापुरातील घडण निराळी आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाळ, खंडोबा हे तेथील फुटबॉल संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेतील तरुणांचे ते नित्याचे संघटनस्थान होय. त्यामुळे शाहू स्टेडियमवर उठणारा घोष गीतापेक्षा गजराच्या जातीचा असतो. एकाने तालमीचे नाव पुकारावे व समुदायाने त्यास प्रतिसाद द्यावा, ही रीत जोतिबाच्या ‘चांगभलं’शी व गणेशोत्सवातील जयघोषाशी नाते सांगते.

येथे निलंगा परिसराशी तुलना उद्बोधक ठरते. मराठवाड्याच्या या भागातही यात्रेतील कुस्त्यांच्या फडात हलगी कडाडते. डाव रंगला की ठेका द्रुत होतो व त्याबरोबर लोकांचा आवाजही चढतो. घोषाची सामग्री दोन्हीकडे सारखीच आहे. परंतु यात्रेतील समुदाय एका दिवसापुरता जमतो, चांगल्या मल्लास दाद देतो आणि पांगतो. पेठेचा समुदाय मात्र वर्षानुवर्षे तोच राहतो. त्याला ठरलेला प्रतिस्पर्धी असतो आणि दर हंगामास त्याच्याशी गाठ पडते. म्हणूनच त्याचा घोष निश्चित रूप धारण करतो व पुढील पिढीकडे जातो. त्यात अभिमानाबरोबर वैरही उतरते.

तात्पर्य, समूहघोषाचा उगम खेळात नसून स्थायी समूहात आहे. हा घोष प्रायः लिहिला जात नाही. म्हणून अभ्यासकाने सामन्यांच्या निकालपत्रांबरोबरच तालमींतील वृद्धांची स्मृतीही इतिहाससाधन मानणे अगत्याचे आहे.