‘यिन्हुआ’ : एका युद्धशुश्रूषेची नाममुद्रा

नीरा-कऱ्हेच्या मुलखांत, माळेगाव बुद्रुकापासून इंदापुरापर्यंत, घराण्यांच्या दप्तरांत सनदा, महजर व वतनपत्रें जपून ठेवण्याची रीत जुनी आहे. युद्धांत स्त्रीनें केलेल्या सेवेचें साधन मात्र अशा दप्तरांत क्वचितच आढळतें. इंदापुरावरून पुढें जाणाऱ्या हमरस्त्यावरील सोलापूर येथील कोटणीस घराण्याशीं निगडित असें एक साधन येथें विचारार्थ घेतलें आहे. तें कागद नव्हे, पदकहि नव्हे. तें एक नांव आहे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म सोलापूर, १९१०) हे राष्ट्रसभेनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून १९३८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून निघाले, हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या पत्नी ग्वो चिंगलान यांची हकीकत तितकी परिचित नाहीं. पेकिंग येथें शुश्रूषेचें शिक्षण घेतलेल्या या बाईंनीं जपानी आक्रमणाच्या काळांत, न्यूझीलंडच्या मिशनरी परिचारिका कॅथलीन हॉल यांच्या प्रेरणेनें, स्वेच्छेनें उत्तर चीनच्या युद्धग्रस्त मुलखांत सेवा पतकरली. कॅनडाचे शस्त्रवैद्य बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या वैद्यकशाळेंत त्या शुश्रूषा शिकवीत. विवाह झाला तो नोव्हेंबर १९४१ मध्यें. सेवा आधीं, विवाह मागाहून, हा क्रम ध्यानीं धरावा.

ऑगस्ट १९४२ मध्यें त्यांस पुत्र झाला. सेनापति न्ये रोंगचन यांनीं सुचविलेलें त्याचें नांव ‘यिन्हुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेंत हा द्वंद्व समास होय. दोन्ही पदें प्रधान, एक दुसऱ्याच्या अंकित नव्हे. पुढें ९ डिसेंबर १९४२ रोजीं डॉ. कोटणीस वारले.

आपल्याकडील स्मृतींत मात्र या द्वंद्वाचा षष्ठी-तत्पुरुष झाला. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या बोलपटांत जयश्री यांनीं ही भूमिका केली. लोकांस त्या ठाऊक झाल्या त्या ‘कोटणीस-पत्नी’ म्हणून. शिक्षिका व परिचारिका मागें राहिली.

यिन्हुआ १९६७ मध्यें, वैद्यकाचें शिक्षण घेत असतां, निवर्तला; ग्वो चिंगलान २०१२ मध्यें. नांव धारण करणारा उरला नाहीं, म्हणून त्याचा अर्थ जपणें हें आतां संग्राहकांचें काम. कोटणीस-विषयक पत्र, छायाचित्र वा कात्रण हातीं आल्यास सूचींत ‘डॉ. कोटणीस व पत्नी’ एवढेंच न लिहितां ‘ग्वो चिंगलान, शुश्रूषाशिक्षिका’ अशी स्वतंत्र नोंद करावी. जुन्या लिखाणांत हें आडनांव ‘कुओ’ असेंहि येतें, तें याच स्त्रीचें समजावें.