हॉकी क्लबपासून जयंती मंडळापर्यंत

‘मंडळाची पोरं’ हा शब्द आपल्या वस्त्यांत दोन सुरांत उच्चारला जातो. रात्री दोन वाजता कुणाच्या बाळंतपणासाठी रिक्षा आणणारी, रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ करणारी तीही मंडळाची पोरं. आणि एप्रिलमध्ये वर्गणीचे पुस्तक घेऊन दारात उभी राहणारी, डीजेचा आवाज कमी करा म्हटले की डोळे वटारणारी तीही मंडळाचीच. बाहेरच्या मध्यमवर्गाला फक्त दुसरी दिसतात, त्याचे नवल नाही. आपल्याच शिकल्यासवरल्या लोकांना आता दुसरीच तेवढी दिसू लागली आहेत, ही काळजीची गोष्ट आहे. ‘या पोरांना चळवळ काय कळते?’ असे म्हणून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या आपल्या साहेबलोकांना एकच विचारावेसे वाटते. बाबासाहेबांनी उभारलेली पहिली संस्था काय काय करत होती, हे ठाऊक आहे का? ती हॉकी क्लब चालवत होती.

होय, हॉकी क्लब. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ‘शिका, चेतवा, संघटित व्हा’ हे ब्रीद आपल्याला पाठ आहे. पण सभेची उद्दिष्टे किती जणांनी वाचली आहेत? वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करायचा. वाचनालये, सामाजिक केंद्रे, अभ्यासवर्ग काढून ज्ञान आणि संस्कृतीची आवड निर्माण करायची. औद्योगिक आणि शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारायची. आणि बहिष्कृत वर्गाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायची. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की मुलाचे जेवण आणि सरकारपुढचे गाऱ्हाणे एकाच कागदावर आहे. सेवा एकीकडे आणि संघर्ष दुसरीकडे, अशी वाटणी तिथे नाही. ती वाटणी आपण नंतर केली.

४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. सोलापूरच का, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज समजेल. गिरण्यांचे शहर, आसपास दुष्काळी मुलूख, गावात प्राथमिक शाळा झाली की पुढे रस्ता बंद. शहरात हायस्कूल आहे, पण राहायचे कुठे? अस्पृश्याच्या पोराला खोली कोण देणार? म्हणजे फी माफ केली तरी मूल शाळेत पोचणार नाही. सभेने हे नेमके ओळखले आणि म्हणून राहण्याबरोबरच जेवण, कपडे, लिहिण्याचे साहित्य असा सगळाच भार उचलला. सोलापूर नगरपालिका त्यासाठी महिना ४० रुपये देत होती. वसतिगृहातल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही काढले. पोटाला अन्न मिळाले तेव्हा त्या पोरांनी पहिली गोष्ट केली ती लिहिण्याची, हे आजच्या दात्यांनी ध्यानात घ्यावे. गरजू मुलाला दप्तर देऊन त्याचा फोटो काढणाऱ्यांनी तर नक्कीच.

याच काळात मुंबईत सभेचे मोफत वाचनालय होते आणि महार हॉकी क्लब होता. हेतू उघड होता. गिरणीतून, गोदीतून सुटलेला तरुण जुगाराच्या अड्ड्यावर आणि गुत्त्यावर जाऊ नये. पण जुगार वाईट, दारू वाईट एवढे भाषण देऊन कुणी सुधारत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहत असतील, तर तरुण पोराने संध्याकाळी जायचे कुठे? त्याला जायला एक जागा द्यावी लागते. आणि मुंबईत मैदान ही काही साधी गोष्ट नव्हती. जिमखाने जातीधर्मांत वाटलेले. पालवणकर बाळूंसारखा गोलंदाज, ज्याच्या जिवावर हिंदूंच्या संघाने सामने जिंकले, त्याला कप्तानपद कधी मिळाले नाही. ते मिळायला त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साल उजाडावे लागले. त्याच्या वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने आपली पोरं स्वतःच्या क्लबच्या नावाने हातात काठी घेऊन मैदानात उतरतात, याचा अर्थ निव्वळ करमणूक असा लावता येणार नाही.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. क्लबच्या नावात जात होती. आज आपल्याला ते खटकते आणि १९५६ नंतर खटकायलाच हवे. पण त्या वेळी ती जिथे अपमानाची खूण होती, तिथेच तिला संघाची खूण करण्याचा तो प्रयत्न होता.

मार्च १९२७ मध्ये महाडची परिषद भरली. परिषदेला आलेल्या आपल्या माणसांना प्यायला पाणी हवे, आणि तळ्याला हात लावायची बंदी. तेव्हा सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तिकडे सोलापुरात नगरपालिका पोरांच्या महिनाभराच्या शिक्षणासाठी जेवढी रक्कम देत होती, तेवढ्यात इकडे महाडला आपल्याच देशातले पाणी मिळत होते. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला व्यापाऱ्यांनी सामान विकायला नकार दिला, म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. मंडपासाठी फत्तेखान यांनी जागा दिली, म्हणून मंडप उभा राहिला. आपण महाडचा इतिहास भाषणांचा आणि ठरावांचा म्हणून शिकतो. पण हजारो माणसांना जेवू घालणे, रात्री पहारा देणे, मार खाल्लेल्यांना उचलून नेणे ही कामे कुणीतरी केली. त्यातली बहुतेक नावे आपल्याला ठाऊक नाहीत. समता सैनिक दल जन्माला आले ते याच वर्षी आणि याच अनुभवातून. दलाची शिस्त आज संचलनात दिसते. तिचे मूळ मात्र पंगतीत आणि पहाऱ्यात आहे.

१९२८ मध्ये सभेची जागा भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळाने घेतली आणि मुंबई सरकारने वसतिगृहांना मंजुरी दिली. धारवाडच्या वसतिगृहाची आठवण दर सात फेब्रुवारीला सांगितली जाते. बळवंतराव वराळे ते वसतिगृह चालवत. माता रमाई तिथे राहायला गेल्या असताना मुले उपाशी असल्याचे कळले आणि त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. ऐकताना डोळे भरून येतात, माझेही येतात. पण या प्रसंगात एक साधा प्रश्न दडलेला आहे, तो आपण विचारत नाही. मुले उपाशी का होती? कारण सरकारी अनुदान वेळेवर आले नव्हते. रमाईंच्या त्यागावर गाणी झाली, आणि अनुदान उशिरा येण्याची परंपरा मात्र शंभर वर्षांच्या घरात आली तरी सुखेनैव चालू आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून स्वाधार योजनेत नाव घातलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, पैसे कधी हातात पडतात ते.

आता पँथरकडे येऊ. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. काळे जाकीट, बंदूक, मूठ ही चित्रेही परिचयाची आहेत. पण त्या पँथरांचे सर्वांत मोठे रोजचे काम काय होते? पोरांना न्याहारी देणे. जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात सेंट ऑगस्टीन चर्चच्या सभागृहात त्यांनी शाळेपूर्वीची मोफत न्याहारी सुरू केली. दुकानदारांकडून अंडी, दूध, पाव मागून आणायचे, पहाटे उठून रांधायचे, मुलांना खाऊ घालून शाळेत धाडायचे. वर्षभरात हे काम अनेक शहरांत पसरले आणि ते मुख्यतः बायकांनी ओढले. एफबीआयचे प्रमुख हूवर यांना या न्याहारीची बंदुकीपेक्षा कमी भीती वाटली नाही. मे १९६९ मधल्या आपल्या गुप्त पत्रात त्यांनी तिला पक्षाचे सर्वांत प्रभावी काम ठरवून ते मोडून काढण्याची भाषा केली. सरकारला पोरांच्या खाण्याची धास्ती का वाटावी? कारण ज्या आईच्या पोराला पक्ष खाऊ घालतो, ती आई पक्षाचे म्हणणे ऐकते, आणि सरकार का खाऊ घालत नाही असेही विचारू लागते. अमेरिकन सरकारची शालेय न्याहारी योजना १९६६ पासून प्रायोगिक होती, ती १९७५ मध्ये कायम झाली. सगळे श्रेय पँथरांचे नाही, पण त्यांनी लावलेली लाज त्यात होती.

आपण नाव घेतले, न्याहारी घेतली नाही. हे मी दलित पँथरला कमी लेखून म्हणत नाही. बावड्याचा बहिष्कार असो की अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढल्याचे प्रकरण, गावात एकट्या पडलेल्या कुटुंबाच्या बाजूला शहरातून पोरं येऊन उभी राहतात हीच त्या वेळची सर्वांत मोठी मदत होती. पण अत्याचार झाल्यावर धावून जाणे आणि रोज सकाळी एखाद्या घराजवळ असणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम करणारी यंत्रणा पँथरने उभी केली नाही, आणि पँथर फुटल्यावर मागे उरली ती जयंती मंडळे.

जयंती मंडळांवर टीका करणे सोपे आहे. पण त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही एनजीओकडे नाही. कुणाचा बाप गेला, कुणाची आई धुणीभांडी करून तीन पोरं वाढवते, कुणाचा मुलगा नववीनंतर शाळेत दिसत नाही, हे त्यांना सर्वेक्षण न करता ठाऊक असते. वर्गणी गोळा करायची सवय आहे. विहार आहे, म्हणजे जागा आहे. मग कमी कुठे पडते? मला विचाराल तर सातत्यात, आणि कागदात.

गुणगौरव समारंभाचेच घ्या. दहावी-बारावीच्या मुलांना शाल, स्मृतिचिन्ह, टाळ्या, संपले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाही सत्काराची सभा झाली होती. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ही गोष्ट आपण बुद्धचरित्रापाशी थांबवतो. पण केळुसकर तिथे थांबले नाहीत. इंटरनंतर सुभेदार रामजींची ऐपत संपली, तेव्हा तेच गुरुजी सयाजीरावांकडे शब्द टाकायला गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सत्कारानंतर काही वर्षांनीही कुणीतरी त्या मुलावर लक्ष ठेवून होते.

कागदाचे म्हणाल तर आज लढाई तिथेच आहे. विधवा किंवा एकल आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिना २२५० रुपये मिळतात. कामानिमित्त वस्त्यांत फिरते तेव्हा ज्यांना ती लागू होते अशा आया भेटतात, आणि त्यांतल्या कित्येकींनी तिचे नावही ऐकलेले नसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, महाडीबीटीचा अर्ज, आधारला जोडलेले बँक खाते, यांतले एक काही अडले की मूल बाहेर. चार पोरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात बसून हे अर्ज भरले आणि अडलेले अर्ज एका वहीत तारखेनिशी लिहिले, तर समाजकल्याण कार्यालयात जाताना हातात वर्गणीचे पुस्तक नसते, पुरावा असतो. गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे हे १९२४ च्या सभेचे उद्दिष्टच होते.

आणि एक गोष्ट १९२४ मध्येही अपुरी होती, आजही आहे. हॉकी क्लब पोरांचा होता, सोलापूरचे वसतिगृहही पोरांचे. त्याआधी, १९२२ मध्ये, नागपुरात जाईबाई चौधरींनी चोखामेळा कन्याशाळा काढली होती. कधीकाळी डोक्यावर ओझी वाहून पोट भरलेली ती बाई मुलींना शिकवत होती. पण ‘मंडळ’ म्हटले की आपल्यापुढे आजही पोरंच उभी राहतात. जयंतीच्या मिरवणुकीत पांढऱ्या साड्या नेसलेल्या आयाबाया पुढे असतात आणि वर्गणीचा हिशेब पुरुषांच्या बैठकीत होतो. अभ्यासिका असली तर रात्री नऊनंतर मुलींनी तिथे बसायचे नाही, असा अलिखित नियम असतो. घरात जागा कुणाला कमी असते, मुलाला की मुलीला? त्या अभ्यासिकेची एक किल्ली मुलींच्या हाती द्या, आणि बैठकीच्या वहीत सह्या करणाऱ्यांत त्यांची नावे येऊ द्या. माझ्या माहितीतल्या दोन मंडळांनी हे केले आहे. दोन्हीकडे डीजेचा खर्च कमी करा असे कुणालाही सांगावे लागले नाही, तो विषय मुलींनीच पहिल्या बैठकीत काढला.