सोमल आणि लोह

पाणी नितळ असलें म्हणजे तें निर्मळ असतेंच, असें धरून चालणें किती महाग पडतें, याचें बंगालइतकें दारुण उदाहरण अलीकडच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. तळ्याच्या पाण्यानें होणाऱ्या पटकी-अतिसारांत मुलें दगावत. तें टळावें म्हणून १९७० नंतर बांगलादेशांत युनिसेफच्या साहाय्यानें, व पुढें लोकांच्या स्वखर्चानेंही, लक्षावधि कूपनलिका बसविण्यांत आल्या. त्या वेळच्या नेहमींच्या तपासणींत सोमलाचा समावेशच नव्हता.

१९८३ सालीं कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालमधील कांहीं रोगी आले. अंगावर काळे डाग, तळहात व तळपाय खरखरीत. हा कूपनलिकेंतील सोमलाचा परिणाम होय, असें साहा यांनीं ओळखलें. १९९३ सालीं हेंच विष बांगलादेशांतील विहिरींतही आढळलें.

हें विष तेथें कोणीं कालविलें नव्हतें. हिमालयांतून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचें पुट असतें आणि त्यास सोमल चिकटलेला असतो. खोल गाळांत प्राणवायु नसतो. तेथें कुजक्या वनस्पतींवर जगणारे जंतु हा गंज विरघळवितात, आणि सोमल पाण्यांत सुटतो.

ज्या लोहानें सोमल सोडला, त्याच लोहाकडून तो पुन्हा धरवितां येतो. एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागास विरघळलेलें द्रव्य चिकटून राहणें, यास पृष्ठशोषण म्हणतात. कोळशानें द्रावणांचा रंग निघून जातो, हें लोव्हिट्झनें १७८५ सालीं पाहिलें होतें. या क्रियेचें पाश्चात्त्य नांव कायसरनें १८८१ सालीं रूढ केलें. परंतु त्याहूनही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट १८३४ सालची आहे. त्या वर्षीं बुन्सेन व बेर्टोल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, ताज्या साक्याच्या रूपांतील लोहाचा सजल ऑक्साइड हा सोमलविषावर उतारा आहे. रोग्याच्या पोटांत जें कार्य त्या साक्यानें केलें, तेंच पुढें गाळणींत करावयाचें होतें.

त्या मार्गानें प्रा. अबुल हुसाम यांनीं बिडाचा कीस, वाळू, कोळसा व विटांचे तुकडे यांची घरगुती गाळणी बनविली; तिला २००७ सालीं अमेरिकेंतील ग्रेंजर सुवर्ण पारितोषिक मिळालें. प्रा. अरूप सेनगुप्त यांनीं पश्चिम बंगालमधील गांवांसाठीं सक्रिय ॲल्युमिना भरलेलीं यंत्रें विहिरींनाच जोडलीं. त्यांस त्याच वर्षीं रौप्य पारितोषिक मिळालें.

तथापि पृष्ठशोषणानें विष नष्ट होत नाहीं. तें केवळ जागा बदलतें. पृष्ठभाग भरला कीं गाळणी व्यर्थ ठरते, आणि बाहेरून मात्र पाणी पूर्वींइतकेंच नितळ दिसतें. पश्चिम बंगालमध्यें बसविलेलीं अनेक यंत्रें देखरेखीअभावीं निकामी झालीं. सेनगुप्तांच्या योजनेंत गांवकऱ्यांची समिति वर्गणी जमविते, भरलेलें द्रव्य दाहक सोड्यानें धुऊन पुन्हा वापरतात, आणि निघालेला सोमलयुक्त गाळ वेगळा राखतात. गाळणीइतकेंच महत्त्व या व्यवस्थेस आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें लिटरमागें १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. ती पाळली जाते कीं नाहीं, हें डोळ्यांना वा जिभेला कळत नाहीं. तें नियमित तपासणीनेंच कळतें, आणि बंगालमध्यें आरंभीं उणीव राहिली ती नेमकी याच गोष्टीची.