शेतकरी महिला आघाडी : चांदवडपासून ग्रामपंचायतीपर्यंत

शेतकरी महिला आघाडी ही शेतकरी संघटनेतून उभी राहिलेली ग्रामीण स्त्रियांची राजकीय आघाडी. शेतकरी संघटनेचा उगम पुणे जिल्ह्यातला. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी खेड तालुक्यातील आंबेठाण येथे शेती घेतली आणि १९७९मध्ये चाकणला शेतकरी संघटना स्थापन केली. पहिला लढा कांद्याच्या भावाचा होता. चाकणवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ताच पुढे मंचरला आणि जुन्नर तालुक्यात पोचतो. निरगुडसरसारखी घोड खोऱ्यातील गावे मंचरच्या बाजारपेठेशी जोडलेली असल्याने कांद्याचा भाव हा या पट्ट्यातही घराघरांतला विषय होता.

रास्ता रोको आणि मोर्चे यांत बायका सुरुवातीपासून उतरल्या. पेरणी, खुरपणी, काढणी ही कामे बहुतांशी त्यांच्याच हातची. जमीन मात्र पुरुषाच्या नावावर आणि बाजारातली पट्टीही त्याच्याच हाती. मालाला भाव मिळाला नाही की घरखर्चाची ओढाताण बाईच्या वाट्याला यायची. शेतीचे शोषण आणि स्त्रीचे शोषण यांचा संबंध असा रोजच्या जगण्यातून दिसू लागला, तेव्हा स्त्रियांच्या स्वतंत्र संघटनेची गरज पुढे आली आणि त्यातून महिला आघाडी उभी राहिली.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. त्याला खेड्यापाड्यांतून लाखोंच्या संख्येने स्त्रिया आल्या. त्यापूर्वीच्या शिबिरांत बायकांनी आपापले अनुभव मांडले होते आणि त्यावरच अधिवेशनातील चर्चा उभी होती. स्त्रियांच्या सुरक्षिततेबरोबरच पंचायत राज्यातील सत्तेचा प्रश्न तेथे ऐरणीवर आला. स्थानिक निवडणुकांत स्त्रियांनीच स्त्रियांचे पॅनेल उभे करावे, ही भूमिका त्यातून पुढे आली. त्यासाठी इतर पक्षांतील आणि चळवळींतील स्त्रियांना सोबत घेऊन समग्र महिला आघाडीची जुळवाजुळव झाली.

आघाडीचे काम गावोगावच्या कार्यकर्तींवर चालत असे. बैठका, शिबिरे, प्रचारयात्रा आणि अधिवेशने ही तिची साधने होती. संघटनेचा लाल बिल्ला ही ओळख होती. सरोज काशीकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे विधानसभेतही पोचल्या.

१९८९च्या ग्रामपंचायत निवडणुकांत काही गावांनी सर्व जागांवर स्त्रिया निवडून दिल्या. जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा ही त्यांतली ठळक नावे. त्याच वर्षी अमरावतीच्या अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला गेला. शेतकऱ्याने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करायचा आणि किमान शंभर कुटुंबांनी हे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त मानायचे, अशी त्याची रीत होती. सातबाऱ्यावर नाव आणि पंचायतीत जागा या दोन मागण्या एकाच सूत्रात बांधणे हे आघाडीचे सर्वांत मोलाचे काम होय. मालमत्तेचा आधार नसलेल्या बाईचा पंचायतीतला शब्दही कच्चाच राहतो, हे आघाडीने ओळखले होते.

कायदा त्यानंतर आला. महाराष्ट्राने १९९०मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. १९९३मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने देशभर किमान एक तृतीयांश जागा दिल्या आणि २०११मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. ग्रामसभेच्या नियमित सभेआधी महिला सभा घेण्याची तरतूदही झाली.

आरक्षणाच्या पद्धतीविषयी मात्र जोशींचा आक्षेप कायम होता. राखीव मतदारसंघ फिरते राहिले, तर निवडून आलेली स्त्री तिथे पाय रोवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. विरोधातले ते एकमेव मत त्यांचे होते. सोडतीत सरपंचपदाचे आरक्षण बदलते तेव्हा गावपातळीवरही हाच प्रश्न उभा राहतो.

आज निरगुडसरसह जुन्नर-आंबेगावच्या सर्व ग्रामपंचायतींत निम्म्या जागा कायद्यानेच स्त्रियांच्या आहेत. त्या जागांवरून गावाचा कारभार खरोखर बाईने चालवायचा, तर तिच्यामागे बायकांची संघटना आणि तिच्या नावावर जमीन हवी. आघाडीने सुमारे चार दशकांपूर्वी दाखवलेला हा मार्ग अजूनही तितकाच गरजेचा आहे.